उन्हाच्या वेळापत्रकावरची सुट्टी : खेड्यातल्या पालकांसाठी

१ मेला सकाळी झेंडावंदन होतं, हातात निकालपत्रक पडतं आणि लेकरं फाटकातून जी सुटतात ती मागे वळून बघत नाहीत. मी शिक्षिका आहे, वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवते, आणि दोन पोट्ट्यांची आईही आहे. त्यामुळे ही पळापळ मला दोन्ही बाजूंनी दिसते. वर्षभर वाट पाहिलेली सुट्टी लागते, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कोणाची तरी आई मला रस्त्यात थांबवते. "मॅडम, कधी उघडते हो तुमची शाळा? डोकं उठवलं ह्यानं."

लवकर उघडत नाही, बाई. बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर घंटा वाजते, आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. म्हणजे हातात सात आठवडे आहेत. सुट्टीत काय करावं याच्या याद्या मोबाईलवर भरपूर फिरतात, पण त्या पुण्या-मुंबईच्या हवेच्या असतात. समर कॅम्प, पोहण्याचा क्लास, सकाळी दहाला बागेत सायकल. आपल्याकडे दहाला रस्त्यावरचं डांबर चिकटायला लागतं. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोला यांचा पारा ४५ च्या आसपास फिरतो, कधी त्याच्याही वर जातो. म्हणून आमच्या घरी सुट्टीचं वेळापत्रक ऊन ठरवतं, आम्ही फक्त त्यात कामं बसवतो.

आधी दिवसाचे तुकडे पाडा

तीन वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेनं कार्डशीटवर वेळापत्रक केलं होतं. चौदा खाने, रंगीत पेन, "११ ते १२ हस्ताक्षर" वगैरे. तिसऱ्या दिवशी धाकट्यानं त्याच्या मागच्या बाजूला सापशिडी काढली. त्याचंही बरोबर होतं. अकरा वाजता पत्र्याच्या खोलीत बसून कोणाचं हस्ताक्षर सुधारतं?

आता दिवसाचे तीनच तुकडे आहेत. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास उजाडतं. तेव्हापासून नऊपर्यंत बाहेरचं सगळं उरकायचं: खेळ, शेत, सायकल, पाणी भरणं, दुकानातला निरोप. नऊ ते पाच घरात. पाचनंतर पुन्हा अंगण आणि गल्ली, आणि जेवण झाल्यावर गच्ची किंवा अंगणातली बाज. एवढंच. पहिला आठवडा लेकरं उठत नाहीत, उठवूही नका. वर्षभराची झोप असते. आठव्या दिवसापासून मात्र झाडू मारायच्या आवाजानं उठवायला हरकत नाही, कारण सकाळचे साडेतीन तास गेले की त्या दिवसात हातपाय हलवण्यासारखं फारसं काही उरत नाही. मग मोबाईल येतो.

मोबाईलचं मी एकच करते. तो दुपारी दोन ते तीन मिळतो, तेही चार्जिंगवरून काढून. सकाळी आणि दिवेलागणीला अजिबात नाही. याहून कडक नियम घरात टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुपार घरात कशी काढायची

दुपारचा पहिला भाग झोपेचा, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. उरलेल्या वेळात आमच्याकडे जुनेच खेळ चालतात, फक्त ते सामानासकट तयार ठेवावे लागतात. चिंचोके मधोमध फोडून अष्टचंग, खडूनं फरशीवर पट, कंच्यांची डबी. बिल्लस, लगोरी, रेसटीप आणि झाडावरची डाबडुबली सकाळ-संध्याकाळसाठी राखून ठेवायची. चिंचोके फोडायचं काम एप्रिलमध्येच आजीकडे द्या, तिला ते बसल्या बसल्या जमतं आणि पोट्टे तिच्याजवळ येऊन बसतात.

वाचनाचं म्हणाल तर गावात ग्रामपंचायतीचं वाचनालय असेल तर सुट्टी लागताच एका फेरीत चार-पाच पुस्तकं उचलून आणा. नसेल तर शाळेच्या पेटीतून मागा. कुलूपबंद पुस्तकांना उन्हाळ्यात वाळवी खाते, त्यापेक्षा लेकरांनी फाडलेली बरी. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. तो दोन ते तीनचा मोबाईल अधूनमधून तिकडे वळवता येतो. "रोज दोन पानं शुद्धलेखन" मात्र मी कोणालाच सांगत नाही. शिक्षिका असून सांगते, त्यानं लेखन शुद्ध होत नाही, फक्त लेकराला वहीचा राग येतो.

त्यापेक्षा एक काम द्या. कोरी वही घ्यायची आणि आजी-आबाजींच्या तोंडचे शब्द, म्हणी, जात्यावरच्या ओव्या, शेतांची नावं त्यात उतरवून घ्यायची. आमच्या मोठीच्या वहीत बत्तीस शेतांची नावं निघाली. एकाच शिवारात. त्यातली निम्मी आम्हा मोठ्यांनाही माहीत नव्हती.

मेचा पहिला पंधरवडा : वाळवण

हा पंधरवडा उन्हाचा खरा फायदा घेण्याचा. पापड, शेवया, मूगवड्या, ज्वारीच्या पापड्या, कुरडया. लेकरांना यातलं सगळ्यात आवडतं ते कुरडयांचं काम, कारण मध्येच खायला मिळतं.

कुरडया पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सविस्तर सांगते. गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि पाणी रोज बदलायचं. हे पाणी बदलण्याचं काम लेकराकडे द्या, पण स्वतः बघा. एका वर्षी आमच्याकडे ते "बदललं" असं फक्त सांगण्यात आलं, आणि तिसऱ्या दिवशी भांड्याचं झाकण उघडल्यावर शेजारीणसुद्धा विचारायला आली. चौथ्या दिवशी गहू वाटून चीक पिळून काढायचा, गाळायचा आणि रात्रभर न हलवता ठेवायचा. सकाळी वर आलेलं निवळ पाणी अलगद ओतून द्यायचं. खाली घट्ट पांढरा चीक बसलेला असतो. जितक्या वाट्या चीक, साधारण तितक्याच वाट्या पाणी मिठासह उकळायचं आणि त्यात चीक सोडून घोटायचं. घोटताना गुठळी होऊ द्यायची नाही आणि हात थांबवायचा नाही. शिजला की चीक काचेसारखा चकाकतो आणि पळीला लोंबकळतो. याच वेळी वाट्या घेऊन रांग लागते. गरम चीक, वर तूप-साखर किंवा दूध. त्याचा हिशेब आधीच धरा, नाहीतर सोऱ्यात घालायला काही उरत नाही.

उकळता चीक मोठ्यांनी हाताळायचा, तो अंगावर उडाला तर चिकटून बसतो आणि फार भाजतो. सोऱ्या दाबायला दहा वर्षांच्या पुढची चालतील. लहानांची कामं वेगळी: कावळे हाकलणं, दुपारनंतर कुरडया उलटणं, शेवटी डब्यात भरताना मोजणं. पाच ओळी, प्रत्येकीत अठरा, त्यातल्या सात फुटल्या, तर डब्यात किती? तिसरीतलं गणित साडीवरच होऊन जातं.

सरगुंडे करणार असाल तर तेही याच दिवसांत. कणकेची बारीक पट्टी काडीवर गुंडाळत न्यायची आणि अलगद सरकवून काढायची. हे बोटांचं काम लेकरं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. वाफवलेले सरगुंडे आणि आंब्याचा रस हे जेवण ज्यांच्या घरात सुट्टीत एकदाही होत नाही, त्यांनी विदर्भात राहतो असं सांगू नये. रसासाठी गावरान आंबे उतरवून तणसात माच, म्हणजे पिकवायची अढी, लावा आणि माच चाळायची जबाबदारी एकाच लेकराला द्या. दोघांना दिली की पिकलेले आंबे आपोआप कमी होतात.

मामाचं गाव आणि एसटी

मामाच्या गावाला पाठवताना आठ-दहा दिवस पुरे. त्याहून जास्त झालं की मामी गप्प बसते पण थकते. जाताना रिकाम्या हातानं पाठवू नका, आणि लेकराला तिथं एखादं काम करायला सांगून पाठवा.

प्रवासाचा खर्च आता फार नाही. एसटीत ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आहे, १७ मार्च २०२३ पासून महिलांना सरसकट अर्धं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे. म्हणजे आजी, आई आणि दोन लेकरं असा बेत केला तर एकाही माणसाचं पूर्ण तिकीट लागत नाही. आजींचं आधारकार्ड सोबत घ्या. पहिली सकाळची गाडी पकडा. नऊनंतरच्या गाडीत खिडकीतून येणारी हवा चुलीतून आल्यासारखी असते.

वाटेत एखादी जागा दाखवायची असेल तर मी सेवाग्राम सांगेन, तेही वेगळ्या कारणासाठी. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले, हे पुस्तकात असतंच. पण मेमध्ये लेकरांना बापू कुटीत उभं करा आणि विचारा, इथं पंखा नसून घरच्यापेक्षा बरं का वाटतं? माती, बांबू, कौलं, खाली उतरलेलं छप्पर. आणि आपलं घर? सिमेंट आणि पत्रा. आमच्या धाकट्यानं परत आल्यावर पत्र्यावर तुराट्या टाकायचा हट्ट धरला. टाकल्या. फरक पडला.

बुलडाण्याकडचे असाल तर लोणार आहे. उल्का आदळून बसाल्ट खडकात तयार झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आत खारं पाणी. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं. उतरायचं तर उजाडताच उतरा, चढून येईपर्यंत ऊन डोक्यावर येतं. चिखलदऱ्याला सगळेच जातात, त्याबद्दल वेगळं काय सांगायचं.

नवतप्यात एक दुपार राखून ठेवा

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा लागतो. या नऊ दिवसांत घराबाहेरचा कोणताच कार्यक्रम ठेवू नका, एक सोडून. तो फक्त अर्ध्या तासाचा आहे आणि वर्षातून दोनदाच जमतो. दुसऱ्या वेळी, जुलैत, ढग असतात, म्हणून खरा मौका हाच.

नवतप्याच्या आसपास, कुठे तो लागायच्या थोडं आधीच, भरदुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. याला शून्य सावली म्हणतात. तारीख गावागावाला बदलते, कारण सूर्य रोज थोडा उत्तरेला सरकत असतो. चंद्रपूरकडे २० मेच्या आसपास, गडचिरोलीत एखादा दिवस नंतर, अकोल्याकडे २४, अमरावतीकडे २५, नागपूरकडे २६, आणि मेळघाटच्या उत्तरेला धारणीकडे २८-२९ मे. एक दिवस मागेपुढे झाला तरी डोळ्याला फरक कळत नाही.

करायचं असं. अंगणात एक सपाट पाट ठेवा. पाण्यानं भरलेला पेला पाटावर ठेवून पाणी काठाला सगळीकडून सारखं लागतं का बघा, म्हणजे पाट समतल आहे की नाही ते कळतं. मग त्यावर लोखंडी पाइपचा तुकडा किंवा गोल डबा उभा करा. बाराला पाच मिनिटं असताना सुरुवात करा आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करा. आपल्या भागात सूर्य माथ्यावर घड्याळाच्या बारानंतर येतो: नागपूरकडे साधारण बारा दहाला, अकोल्याकडे बारा वीसच्या आसपास. सावली आखडत आखडत पाइपच्या बुडाशी येते आणि नाहीशी होते. पाइपच्या आतला तळ मात्र उजळून निघतो. ते बघायला सगळी डोकी एकदम वाकतात आणि सगळ्यांच्याच सावल्या मध्ये येतात, तेव्हा पाळी लावा. डोक्याला दुपट्टा, पायात चप्पल, आधी पाणी पिऊन, आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही.

रात्री बाजेवर पडल्यावर याचाच पुढचा भाग. उत्तरेला सप्तर्षी दिसतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की केशरट स्वाती लागते, आणखी पुढे पांढरी चित्रा. मग लेकरांना रोहिणी शोधायला सांगा. ती सापडणार नाही. सूर्य तिच्यातच बसलेला आहे, म्हणून ती दिवसा उगवून दिवसाच मावळते. आमच्या आबाजींना हे नक्षत्रांचं सगळं पेरणीसाठी पाठ होतं, पण "मग दिसते कधी?" हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा नातवानं विचारला.

इथं मात्र कडक व्हा

वरचं सगळं चुकलं तरी चालेल, पण या चार गोष्टींत ढिलाई नको.

पाणी. पोट्टे नदीच्या डोहात, मुरमाच्या जुन्या खाणीत आणि शेततळ्यात उतरतात. यातलं शेततळं सगळ्यात फसवं. आतल्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं, पाय रोवत नाही, आणि पोहता येणारा माणूसही त्या उतारावरून वर येऊ शकत नाही. शेततळं असेल तर काठाच्या खुंटाला गाठी मारलेला दोर बांधून त्याचं टोक पाण्यात सोडून ठेवा. पोहायला शिकवायचं तर विहिरीला पायऱ्या असलेली जागा, पाठीला बांधलेले रिकामे हवाबंद कॅन आणि पट्टीचा पोहणारा मोठा माणूस पाण्यात. काठावर उभा राहून ओरडणारा नाही.

कूलर. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याची बातमी येते आणि बऱ्याचदा ते लेकरू असतं. पाणी भरायच्या आधी बटण बंद करून पिन सॉकेटमधून उपसायची. तीन पिनांचाच प्लग लावायचा आणि घराची अर्थिंग मेआधी वायरमनकडून तपासून घ्यायची. लेकरांनी कूलरच्या लोखंडी अंगाला हात लावायचाच नाही. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओता, डेंग्यूचा डास तिथंच वाढतो.

साप-विंचू. उन्हाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकण्याची सवय आहे, ती सोडा. मण्यार रात्री फिरतो, अंथरुणात शिरतो, आणि त्याचा चावा पुष्कळदा दुखतही नाही. बाजेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. चावलाच तर घट्ट बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. लेकराला न चालवता सरळ सरकारी दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करा.

ऊन लागणं. खिशातल्या कांद्यानं काही होत नाही, तो ताटात घ्या. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय असं समजा. पन्हं, ताक, आंबील चालू ठेवा. जुलाब किंवा उलट्या झाल्या तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजा. अंग तापून लेकरू बरळायला लागलं किंवा ग्लानीत गेलं तर तोंडात पाणी ओतू नका. सावलीत घ्या, मान, बगला आणि जांघांत ओली फडकी ठेवा, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

जून : शेताचं काम

मृग ७ जूनच्या सुमारास लागतो आणि घरातल्या मोठ्यांचं लक्ष आभाळाकडे जातं. लेकरं रिकामी असतात. त्यांना एक खरं काम द्या, ज्याच्या उत्तरावर घरातले पैसे अवलंबून आहेत: घरच्या सोयाबीनची उगवण तपासणी.

पोत्यातून वेगवेगळ्या ठिकाणचे मूठभर दाणे काढून त्यातले न निवडता शंभर मोजायचे. मोठे मोठे वेचायचे नाहीत, हे दोनदा सांगा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी लावायच्या, वर दुसरं ओलं गोणपाट घालून अलगद गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं, भिजवून गच्च करायचं नाही. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर एकरी तीस किलोचं नेहमीचं प्रमाण चालतं. कमी निघाले तर त्या हिशेबानं बियाणं वाढवायचं, फारच कमी निघाले तर पोतं विकायला काढायचं. एकदा करून भागत नाही, तीन गुंडाळ्या करा आणि सरासरी काढा. आमच्याकडे गेल्या वर्षी ७४, ७९ आणि ६८ आले. मोठीनं सरासरी काढली आणि तिच्या बाबांनी पहिल्यांदा तिची वही मागून बघितली.

पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय करू नये म्हणतात. तो मोजायचंही काम लेकरांचंच. सरळ भिंतींचा सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि सकाळी पट्टी बुडवून बघायची.

निंबोळ्या याच काळात पडतात. रोज सकाळी अर्धा तास वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवल्या तर कपाशीच्या फवारणीला उपयोगी पडतात. पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, शंभर लिटर केलं की पाच टक्के अर्क होतो. लेकरांना किलोमागे काहीतरी द्या. फुकट राबवू नका, हिशेब वहीत लिहायला लावा.

शाळा उघडायच्या आधी

कागदपत्रं मे महिन्यातच करून घ्या. लेकरू पाच किंवा पंधरा वर्षांचं झालं असेल तर आधारचे ठसे नव्यानं द्यावे लागतात. दहावी-बारावीच्या लेकरांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर यासाठी जूनमध्ये सेतू केंद्रात जी रांग लागते, तिच्यात दोन दिवसांची मजुरी बुडते.

शेवटच्या आठवड्यात झोपायची वेळ रोज थोडी अलीकडे आणा. गणवेश घालून बघा, सात आठवड्यांत पँट दोन बोटं वर गेलेली असते, खालची शिवण उसवली की पुरते. दप्तर धुवा. चप्पल चिखलात रुतणार नाही अशी घ्या. आणि ती शेतांच्या नावांची वही शाळेत पाठवा. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडत नाही, ह्या वह्या उघडतात.